गुळवेल : घरी लावताना आणि औषध म्हणून घेताना

नागपूरच्या एका वाचक भगिनींनी गुळवेलीविषयी एकत्रच बरेच प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या वसाहतीतील कडुनिंबावर एक जुनी वेल चढलेली आहे आणि तिच्या कांड्या आणून गच्चीवर कुंडीत लावाव्यात, असा त्यांचा विचार आहे. ती वेल खरोखर गुळवेलच आहे हे कसे ओळखावे, लागवड केव्हा आणि कशी करावी, खोड केव्हा तोडावे, प्रतिकारशक्तीसाठी घरातील सर्वांनी रोज काढा घ्यावा का, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या आईंना तो चालेल का आणि काटोलजवळच्या भावाच्या संत्र्याच्या बागेत कुंपणावर ही वेल सोडावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत. आयुर्वेदाची चिकित्सा आणि औषधी वनस्पतींची लागवड ही दोन्ही कामे मी अनेक वर्षे करीत आलो आहे, म्हणून सर्व प्रश्नांची उत्तरे एकत्र देतो. माझे मत आधीच सांगून ठेवतो. गुळवेल लावणे अत्यंत सोपे आहे आणि ती दाराशी फुकट मिळते, म्हणूनच ती घेण्याच्या बाबतीत आपण निष्काळजी होतो. ती औषध आहे, आणि औषध म्हटले की ओळख, मात्रा, कारण आणि मुदत या चारही गोष्टी पाहाव्याच लागतात.

प्रथम ओळख. गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिचे पान हृदयाच्या आकाराचे, गुळगुळीत आणि पातळ असते. विड्याच्या पानाशी ते इतके मिळतेजुळते दिसते की, केवळ पानावरून ओळख पटवणारे अनेक जण फसतात. पान पाहायचेच असेल तर देठ पाहावा. तो लांब असतो, पानाशी आणि खोडाशी जुळतो त्या दोन्ही जागी किंचित फुगलेला असतो आणि खोडाकडच्या टोकाला थोडा पिळल्यासारखा वळलेला असतो. विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडावर या वेलीची पाने गळतात आणि मग पानांवरून काहीच कळत नाही, म्हणून खरी परीक्षा खोडाची. जून खोडावरची साल राखाडी-तपकिरी आणि कागदासारखी पातळ असते, नखाने खरवडली की ती सुटते आणि तिच्याखाली हिरवागार थर दिसतो. सालीवर बारीक, चपटे फोड विखुरलेले असतात. धारदार सुरीने खोड आडवे कापले तर छेदामध्ये मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या रेषा चाकाच्या आऱ्यांसारख्या स्पष्ट दिसतात. जुन्या वेलीवरून दोऱ्यासारखी लांब हवाई मुळे खाली लोंबत असतात, आणि ती जमिनीला टेकली की तेथेही रुजतात. खोडाची चव कडू असते; परंतु ओळख पटण्याआधी चव घेऊन पाहण्याची सवय मला धोक्याची वाटते आणि ती कोणीही लावून घेऊ नये.

फुले आणि फळे दिसत असतील तर ओळख अधिक पक्की होते. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. उन्हाळ्यात पर्णहीन वेलीवर पिवळसर हिरव्या, अगदी बारीक फुलांचे तुरे येतात आणि पुढे मादी वेलीवर वाटाण्याएवढी गोल फळे लागतात, ती पिकली की लालभडक होतात. आपल्या वेलीला फळेच धरत नसतील तर ती नर वेल असेल. औषधात खोड वापरले जाते, त्यामुळे कांडी नर वेलीची आहे की मादी वेलीची, याची चिंता करू नये.

ओळखीवर मी इतका भर का देतो, त्याचे कारण टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची तिची जवळची बहीण. ही वेलही हृदयाकृती पानांची, कडू आणि झटपट वाढणारी असून रोपवाटिकांमध्ये ती गुळवेल म्हणून हातात पडू शकते. क्रिस्पाचे खोड दाट, उंच आणि खडबडीत गाठींनी भरलेले असते, कापल्यावर त्यातून दुधासारखा स्राव येतो आणि तिची फळे लांबट व नारिंगी असतात. गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या असतात, तर क्रिस्पाच्या फुलाला तीनच. क्रिस्पाच्या सेवनामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, म्हणून खोडावर बोटांना टोचाव्यात अशा गाठी लागल्या तर ती वेल घरी आणू नये. गुळवेलीच्या सालीवरही थोडे फोड असतातच, त्यामुळे नवख्या माणसाचा येथे गोंधळ होतो. फरक त्यांच्या उंचीचा आणि दाटीचा आहे. पानाच्या खालच्या बाजूला लव असेल तर ती टिनोस्पोरा सायनेन्सिस ही तिसरी जात असण्याची शक्यता असते. कुंपणावरची वासनवेल आणि पहाडवेल यादेखील याच कुळातल्या आहेत, परंतु त्यांचे खोड बारीक राहते, आणि गुळवेलीची ती कागदी साल व जाड, रसाळ खोड त्यांच्यात आढळत नाही. वसाहतीतील वेल घेण्यापूर्वी पानासह खोडाचा एक तुकडा जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातील द्रव्यगुण विभागात, म्हणजे औषधी वनस्पती शिकवणाऱ्या विभागात, किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावा. एकदा खात्री झाली की त्याच वेलीपासून पुढची सर्व रोपे तयार होतात आणि हा प्रश्न कायमचा मिटतो.

कडुनिंबावरची गुळवेल श्रेष्ठ, ही परंपरेची धारणा आहे आणि बहुतेक वैद्य आजही तशीच वेल पसंत करतात. मीदेखील निवड करायची वेळ आली तर कडुनिंबावरचीच घेतो. मात्र गुळवेल बांडगूळ नव्हे, हे येथे स्पष्ट करायला हवे. तिची मुळे जमिनीत असतात, अन्न ती स्वतःच्या पानांत तयार करते आणि झाडाचा केवळ आधार घेते. म्हणून कडुनिंब नसला तरी लागवड अडवून ठेवण्याचे कारण नाही. आंब्यावर, जाळीवर किंवा तारेवर वाढलेली वेलही औषधी असते. कण्हेर आणि कोकणात काजरा म्हणतात तो कुचला, अशा विषारी झाडांवरची वेल मात्र घेऊ नये, कारण तोडताना त्या झाडाची फांदी किंवा पाने मिसळून येण्याचा धोका असतो. तसेच वर्दळीच्या रस्त्याकडेची, गटाराजवळची किंवा तणनाशक आणि कीटकनाशक फवारलेल्या जागेतील वेल औषधाला वर्ज्य समजावी.

लागवडीसाठी नागपूरच्या हवेत जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मे महिन्यांतील पंचेचाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात गच्चीवरची कुंडी तापते आणि कांडीला मुळे फुटण्याआधीच ती आतून सुकते, म्हणून घाई करू नये. कांडी अंगठ्यापेक्षा थोडी कमी जाड, जून, निरोगी खोडाची आणि वीतभर लांब असावी, तिच्यावर किमान दोन, शक्यतो तीन पेरे असावीत. कोवळ्या हिरव्या शेंड्याची कांडी कुजते. तोडलेली कांडी शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लावावी, आणि तोडतानाच तिच्या खालच्या टोकाला तिरका आणि वरच्या टोकाला सरळ काप द्यावा, म्हणजे लावताना वरची बाजू कोणती हे विसरायला होत नाही. उलटी लावलेली कांडी हे घरगुती लागवडीतील अपयशाचे फार मोठे कारण आहे. एक पेर पूर्णपणे मातीत जाईल आणि एक किंवा दोन वर राहतील अशी ती रोवावी आणि भोवतालची माती बोटांनी दाबून घट्ट करावी, म्हणजे आत पोकळी राहत नाही.

आपल्याकडची काळी माती कुंडीत एकटी वापरू नये. ती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि कांडीचे टोक सडते. दोन भाग माती, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, हे मिश्रण पुरेसे आहे. सुरुवातीला लहान पिशवीत कांडी रुजवून नंतर मोठ्या कुंडीत हलवता येते. परंतु जागा असेल तर पहिल्यापासूनच पंधरा-अठरा इंची कुंडीत किंवा तळाला भोके पाडलेल्या अर्ध्या ड्रममध्ये लावणे मला अधिक पसंत आहे, कारण रुजलेल्या वेलीला हलवताना तिची नवी मुळे हमखास तुटतात. दोन-तीन आठवड्यांत वरच्या पेरावरचा डोळा फुटतो. पाने दिसली म्हणजे मुळे फुटलीच असे मात्र नाही, कारण खोडात साठलेल्या पाण्यावर आणि पिष्टावरही (स्टार्चवरही) पहिली पाने येतात. म्हणून पहिले दोन महिने कांडी उपटून पाहण्याचा मोह टाळावा.

आधार सुरुवातीपासूनच द्यावा. गुळवेलीला काकडीसारखे तणावे नसतात; ती आधाराभोवती स्वतःलाच गुंडाळत चढते, त्यामुळे तिला उभी सुतळी, बांबू किंवा जाळी लागते, आणि सपाट भिंतीवर ती चढू शकत नाही. गच्चीवर मांडव करून तिला वर सोडली तर पावसाळ्यात चांगली सावलीही मिळते. पाणी बेताने द्यावे. वेल एकदा रुजली की ती कोरडेपणा सहज सहन करते, पण मुळाशी साचलेले पाणी तिला सोसत नाही. खत म्हणून वर्षातून दोनदा ओंजळभर गांडूळखत पुरते, रासायनिक खतांची गरज नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने पिवळी पडून गळू लागली की अनेक जण घाबरून पाणी वाढवतात. तो तिचा नैसर्गिक क्रम आहे, आणि त्या काळात पाणी उलट कमी करायला हवे. खालची माती पूर्ण कोरडी होऊन खोड सुरकुतू लागले तरच थोडे द्यावे. जमिनीत लावून झाडावर सोडायची असेल तर झाड मोठे आणि बळकट निवडावे. शेवग्याच्या फांद्या ठिसूळ असतात, आणि पावसाने भिजलेल्या जुन्या वेलीच्या वजनाने त्या मोडतात.

आता तोडणीचा प्रश्न, आणि येथे लोक सर्वांत जास्त उतावीळ होतात. पहिल्या वर्षी वेल कितीही लांब गेली तरी तिचे खोड बोरूएवढे बारीक असते आणि औषधाला ते कच्चे समजावे. निदान अंगठ्याएवढी जाडी आल्याशिवाय तोडू नये. कुंडीत त्यासाठी दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, जमिनीत लवकर होते. तोडणी पावसाळा संपल्यावर, शरद ऋतूपासून पाने गळेपर्यंतच्या काळात करावी. बुंध्याकडचा किमान दोन-तीन फुटांचा भाग राखून वरचे जून खोड हवे तेवढेच तोडावे, म्हणजे उरलेल्या पेरांवरून वेल पुन्हा फुटते. एका वेळी सगळी वेल खाली ओढू नये. कापलेल्या जागी पाणी मुरू नये म्हणून काप तिरका द्यावा.

ताजेपणाविषयी एक महत्त्वाचा जुना नियम येथे सांगणे आवश्यक आहे. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात काही वनस्पती नेहमी ओल्याच वापराव्यात असे सांगितले आहे, आणि त्या यादीत गुळवेलीचे नाव पहिले आहे. इतर औषधे ओली वापरताना मात्रा दुप्पट करण्याची पद्धत आहे, पण या यादीतील औषधांची ती करू नये, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. ज्याच्या घरी स्वतःची वेल आहे त्याचा खरा लाभ हाच: लागेल तेव्हा लागेल तेवढी कांडी तोडावी, ताजी वापरावी, साठा करूच नये. बाजारातील चूर्ण किती जुने आहे, त्यात कोणत्या जातीचे खोड आहे, हे आपल्याला कळत नाही. काही कारणाने वाळवायचेच असेल तर वरची साल काढून बोटभर तुकडे उभे चिरावेत, सावलीत वाऱ्यावर वाळवावेत आणि कोरड्या बरणीत ठेवून काही महिन्यांत संपवावेत. खोड रसाळ असल्यामुळे अखंड तुकडे वरून वाळलेले दिसतात आणि आतून त्यांना बुरशी लागते.

घरी करता येण्यासारख्या कृती तीन. पहिली काढ्याची. वरची कागदी साल खरवडून खोड धुवावे, ठेचावे आणि दोन पेले पाण्यात मंद आचेवर अर्धा पेला उरेपर्यंत उकळून गाळावे. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेत काढ्यासाठी दिवसाला २० ते ३० ग्रॅम गुळवेल आणि चूर्ण घ्यायचे असल्यास ३ ते ६ ग्रॅम अशी मात्रा दिलेली आहे. घरगुती वापरासाठी मी यातील खालचीच मर्यादा सुचवतो, आणि ती स्वयंपाकघरातील काट्यावर एकदा तोलून पाहावी असा आग्रह धरतो, कारण बोटभर तुकडा म्हटले की प्रत्येकाचे बोट वेगळे असते. दुसरी कृती हिमाची: ठेचलेले खोड सहापट पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी कुस्करून गाळून घ्यायचे. पित्ताची तक्रार असलेल्यांना काढ्यापेक्षा हिम अधिक मानवतो, असा माझा अनुभव आहे. तिसरी कृती सत्त्वाची, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत.

सत्त्वासाठी साल काढलेले ताजे, जाड खोड ठेचून चौपट पाण्यात रात्रभर ठेवतात. सकाळी ते हातांनी चांगले चोळून चोथा काढतात आणि पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून काही तास अजिबात न हलवता ठेवतात. तळाशी पांढरा थर बसतो. वरचे पाणी हलक्या हाताने ओतून देऊन तो थर वाळवला की सत्त्व तयार होते. किलोभर खोडातून मूठभरसुद्धा सत्त्व निघत नाही, त्यामुळे घरच्या एका कुंडीतल्या वेलीवर हा उद्योग करू नये. शिवाय हा थर मुख्यतः पिष्टाचा असतो, आणि खोडातील कडू द्रव्यांचा पुष्कळसा भाग ओतून दिलेल्या पाण्यात जातो. म्हणूनच शुद्ध सत्त्व चवीला अगदी सौम्य लागते. ते पित्तशामक म्हणून उपयोगी आहे, परंतु काढ्याऐवजी चिमूटभर सत्त्व घेतले की तेच काम होते, असे समजू नये. औषधी दुकानात मिळणारी संशमनी वटी ही वेगळी गोष्ट आहे. ती गुळवेलीच्या काढ्याचा घन आटवून करतात. पावसाळ्यात कोवळ्या पानांची रानभाजी करण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. डाळ घालून केलेली ही कडसर भाजी हंगामात एखाद-दुसऱ्या वेळी खायला हरकत नाही. पण रोज रिकाम्या पोटी चार पाने चावून खाण्याची जी प्रथा अलीकडे पसरली आहे, तिला मी संमती देत नाही.

येथून मुख्य प्रश्नाकडे येतो: घरातील सर्वांनी रोज घ्यावी का? माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. गुळवेल प्रभावी आहे याविषयी मला शंका नाही. जीर्ण ज्वर (रेंगाळलेला ताप), वातरक्त (गाउटसारखा सांध्यांचा विकार), प्रमेह (मधुमेहासारखे विकार) यांच्या चिकित्सेत तिचे स्थान मोठे आहे, आणि चरकाचार्यांनी मेध्य रसायन, म्हणजे बुद्धीला बळ देणारे औषध, म्हणून सांगितलेल्या चार औषधांत तिचा रस आहे. आधुनिक पद्धतीने तिचा अभ्यास करण्यात तर महाराष्ट्राचा वाटा फार मोलाचा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर दीर्घकाळ काम केले. पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी नेहमीच्या उपचारांच्या जोडीला गुळवेल दिल्यास जंतुसंसर्गाशी लढण्याची त्यांची क्षमता सुधारते, असे त्यांच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ॲलर्जीच्या सर्दीवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५ रुग्णांना आठ आठवडे एकतर गुळवेलीचा अर्क किंवा औषध नसलेली तशीच गोळी देण्यात आली, आणि शिंका व नाक वाहणे यांत अर्क घेणाऱ्यांना चांगला आराम मिळाला. या दोन्ही ठिकाणी रोग निश्चित होता, अर्काची मात्रा ठरलेली होती, मुदत ठरलेली होती आणि रुग्णांवर डॉक्टरांचे लक्ष होते. निरोगी माणसाने वर्षानुवर्षे पातेलेभर काढा प्यावा, असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही.

दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवी. करोनाच्या काळात काढ्यांचे प्रमाण वाढल्यानंतर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि २०२२ मध्ये देशातील अनेक रुग्णालयांतील ४३ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी लक्षणे त्यांतील अनेकांमध्ये आढळली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, क्रिस्पासारखी चुकीची वेल वापरली गेली असण्याची शक्यता दाखवली आणि योग्य मात्रेत गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले. माझ्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांनी हा विषय केवळ आयुर्वेदावरचा हल्ला म्हणून बाजूला सारला, ते मला पटलेले नाही. जे द्रव्य प्रतिकारशक्तीला चेतवते, ते एखाद्या शरीरात तिला नको त्या दिशेनेही चेतवू शकते, ही शंका वैद्यकदृष्ट्या रास्त आहे आणि रुग्णाच्या हिताच्या दृष्टीने ती गंभीरपणे घेणे हे आपले कर्तव्य आहे.

म्हणून मी पुढील मर्यादा पाळतो आणि पाळायला सांगतो. संधिवात म्हणून ज्याला आपण ओळखतो तो आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), थायरॉइडचा स्वयंप्रतिकारी विकार, सोरायसिस, ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा पूर्वी झालेला यकृताचा कोणताही विकार असेल, नियमित मद्यपान असेल, अवयवरोपण झाले असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर घरगुती गुळवेल अजिबात घेऊ नये. यांपैकी काही रोगांवर ग्रंथांत ती सांगितलेली असली, तरी तेथे ती वैद्याने रक्ताच्या तपासण्या पाहूनच द्यायची असते. गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या मातांनी ती टाळावी. लहान मुलांना आपल्या मनाने देऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद करावी आणि भूलतज्ज्ञांना ती घेत होतो हे सांगावे. निरोगी प्रौढाने तापानंतरचा अशक्तपणा किंवा रेंगाळलेली कसर यांसाठी ती घ्यायची असेल तर दोन आठवड्यांची मुदत घालून घ्यावी, त्यापुढे वैद्याच्या देखरेखीशिवाय जाऊ नये. घेत असताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद पिवळी होऊ लागली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळसर दिसले, तर त्याच दिवशी काढा बंद करून डॉक्टरांकडे जावे, यकृताच्या कार्याची रक्ततपासणी करून घ्यावी आणि आपण काय घेत होतो ते न लपवता सांगावे. काढा घेतल्याचे डॉक्टरांपासून लपवण्याची आपल्याकडे जी रीत आहे, तिच्यामुळे निदानाला उशीर होतो. डेंग्यूमध्ये प्लेटलेट वाढवण्यासाठी केवळ गुळवेलीच्या रसावर विसंबून रुग्णाला घरी ठेवणे तर जिवाशी खेळ आहे.

आईंच्या बाबतीत उत्तर अधिक सावध द्यावे लागेल. गुळवेल रक्तातील साखर काही प्रमाणात उतरवते, आणि त्यांच्या गोळ्याही तेच काम करतात. दोन्ही एकत्र झाल्या की साखर अचानक खाली जाण्याची शक्यता असते, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि उपासाचा दिवस असेल तर. त्यांचे यकृत आणि मूत्रपिंड यांच्या ताज्या तपासण्या समाधानकारक असतील, गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना कल्पना दिलेली असेल आणि घरी साखर तपासण्याचे यंत्र असेल, तरच एखाद्या वैद्याने कमी मात्रेने सुरुवात करून पाहावी. घाम, थरथर, गरगरल्यासारखे होणे ही लक्षणे दिसली तर लगेच साखर तपासावी. काढा सुरू केला म्हणून गोळ्या आपल्या मनाने कमी करणे किंवा सोडणे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. परंपरेत गुळवेल मध, खडीसाखर किंवा गुळासोबत देण्याचे प्रकार आहेत, ते त्यांच्यासाठी अर्थातच वर्ज्य.

राहिला काटोलच्या बागेचा प्रश्न, आणि तेथे मी आपल्याला ठामपणे थांबवतो. संत्रा आणि मोसंबीच्या बागांना त्रास देणारा जो रस शोषणारा पतंग आहे, त्याच्या अळ्या संत्र्याच्या झाडावर वाढत नाहीत. त्या गुळवेल, वासनवेल आणि चांदवेल यांसारख्या वेलींच्या पानांवर वाढतात. पतंग मात्र रात्री बागेत येतो, पिकू लागलेल्या फळाला सोंडेने छिद्र पाडतो आणि रस शोषतो. त्या छिद्रातून बुरशी आणि जंतू आत शिरतात, फळ मऊ पडून गळते. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस आलेल्या फुलोऱ्याची, फळे रंग धरू लागतात तेव्हा हे नुकसान सर्वांत अधिक होते. म्हणूनच बागेच्या आसपासच्या या वेली काढून टाकाव्यात, गळालेली फळे रोजच्या रोज गोळा करून पुरावीत आणि सायंकाळी बागेत धूर करावा, अशी शिफारस कृषितज्ज्ञ करतात. आपल्या भावाच्या कुंपणावर पूर्वीपासून गुळवेल असेल तर ती मुळासकट काढावी, आणि कापलेल्या कांड्या बांधावर टाकू नयेत, कारण पहिल्याच पावसात त्या तेथे रुजतील. त्या उन्हात पूर्ण वाळवून जाळाव्यात. शहरातील गच्चीवर हा धोका नाही. तरीही पावसाळ्यात पाने कुरतडलेली दिसली आणि अंगावर डोळ्यांसारखे गोल ठिपके असलेली, टोचल्यावर पाठ कमानीसारखी वाकवणारी अळी सापडली तर ती याच पतंगाची समजावी. वेल औषधासाठी असल्यामुळे तिच्यावर फवारणी करू नये. अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात, आणि परसात किंवा शेजारी संत्र्या-मोसंबीची झाडे असतील तर हे काम पावसाळाभर आठवड्यातून एकदा न चुकता करावे.